आदिपाप घडलेच नसते, तर माणसाचे जीवन कसे असते?

प्रश्न
आदाम आणि हव्वा यांनी देवाची आज्ञा मोडली नसती तर माणसाला मृत्यू आला नसता, असे कॅथलिक धर्मशिक्षणात सांगितले जाते. मग लग्ने, मुलेबाळे, राज्यकारभार यांपैकी काय उरले असते? कोणीच मेले नसते तर पृथ्वीवर एवढी माणसे मावली कशी असती? आणि पापच नसते तर प्रभू येशू जन्माला आला असता का? ख्रिस्तसभेची (चर्चची) अधिकृत शिकवण कुठे संपते आणि ईशज्ञानी पंडितांचा तर्क कुठे सुरू होतो, हे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद १
अधिकृत शिकवण त्या मानाने थोडी आहे. आज्ञाभंगामुळे आदामाने मूळचे पावित्र्य व नीतिमत्त्व गमावले आणि तो मृत्यूला पात्र झाला, असे ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या धर्मपरिषदेने १५४६ साली जाहीर केले. पुढे १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी ईशज्ञानी पंडित मिखाएल बायस यांची जी मते त्याज्य ठरवली, त्यांत आदिमानवाचे अमरत्व ही कृपा नसून त्याची स्वाभाविक अवस्थाच होती, हेही मत होते. म्हणजे न मरणे ही देणगी होती, हक्क नव्हे.

यापलीकडे बहुतेक तर्कच आहे, आणि त्यात तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांचा हात कोणी धरू शकत नाही. एदेन बागेत (आदाम-हव्वेच्या मूळ निवासात) असा संबंध नसता, हे चौथ्या शतकातील नीसाचे संत ग्रेगरी यांचे मत बाजूला सारून ते म्हणतात की तेथेही मुले स्त्रीपुरुषांच्या संबंधातूनच झाली असती, आणि देह अधिक संवेदनक्षम असल्याने त्यातील सुख उलट वाढलेच असते. सिंह आणि ससाणे तेव्हाही शिकारच करत असते. नवजात बाळाविषयी तर ते फार बारकाईने लिहितात: माणसाचा मेंदू देहाच्या मानाने मोठा आणि बालपणी ओलसर असल्यामुळे अवयव हलवणाऱ्या नसा लगेच कामाला येत नाहीत, म्हणून ते बाळ जन्मताच चालू लागले नसते, ज्ञानही त्याला हळूहळू, पण विनासायास मिळाले असते. हे शरीरशास्त्र आज कोणी मानणार नाही, परंतु बालपण ही पापाची शिक्षा नव्हे, हा त्यांचा मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो.

माणसे मावण्याचा प्रश्न त्यांच्या मांडणीत उरतच नाही, कारण पृथ्वीवरचा मुक्काम कायमचा नव्हता. त्या बागेतील जीवनवृक्षाचे फळ देहाला ठरावीक काळ टिकवणार होते आणि पुढे मरणाची पायरी न चढता माणूस स्वर्गीय जीवनात नेला जाणार होता.

प्रतिसाद २
राज्यकारभाराचे राहून गेले. थॉमस यांच्या मते वय, बुद्धी, सामर्थ्य यांतील फरक तेव्हाही असते आणि सर्वांच्या हितासाठी कोणीतरी पुढारपण केले असते. गुलामगिरी मात्र नसती.

येशूच्या देहधारणाबाबत, म्हणजे देवपुत्राने माणूस म्हणून जन्म घेण्याबाबत, मी त्यांच्या बाजूने नाही. पवित्र शास्त्र देहधारणाचे कारण सर्वत्र पाप हेच सांगते, म्हणून पापाविना ते घडले नसते असे म्हणणे ते अधिक उचित मानतात, आणि पास्काजागरणाच्या (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेच्या) स्तोत्रातील ‘धन्य तो अपराध’, म्हणजे ज्यामुळे असा तारणारा लाभला तो अपराध, या उद्गाराचाही आधार घेतात. थॉमस यांच्यानंतरचे ईशज्ञानी पंडित डन्स स्कॉटस यांना हे पटले नाही. देवाने योजलेले सर्वश्रेष्ठ कार्य माणसाच्या चुकीवर अवलंबून कसे राहील, असा त्यांचा आक्षेप आहे आणि तो मला बिनतोड वाटतो. ख्रिस्तसभेने या वादाचा निकाल दिलेला नाही; दोन्ही मते बाळगण्याची मुभा आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. एक शंका उरते: आदाम स्थिर राहिला, पण त्याच्या एखाद्या नातवाने पाप केले असते तर?

प्रतिसाद १
तशी शक्यता थॉमस नाकारत नाहीत. मुले कृपेत जन्मली असती, पण देवाचे साक्षात दर्शन होईपर्यंत पाप करण्याची मोकळीक त्यांनाही राहिली असती. मात्र आदामाचे पहिले पाप वगळता इतर कोणतेही पाप वंशाकडे जात नाही, असे ते मानतात. इतकेच काय, एकट्या हव्वेने फळ खाल्ले असते तरी आदिपाप पुढच्या पिढ्यांत आले नसते, असे ते स्पष्ट लिहितात. तेव्हा नातवाला त्याच्या करणीचे फळ भोगावे लागले असते, पण त्याची चुलत भावंडे त्याच बागेत पूर्वीसारखी निर्दोष राहिली असती.