कोल्हापुरात फक्त माहितीपटांचा पुरस्कार सोहळा: हवा की नको?

खरीकॉर्नरकर:
आमच्या ओळखीतली काही पोरं महिन्यातून एकदा माहितीपट दाखवतात. कधी शाहू स्मारकला जागा मिळते, कधी कुणाच्या क्लासच्या खोलीत पडदा लावतात. आता त्यांच्यात टूम निघालीय की वर्षातून एकदा फक्त माहितीपटांसाठी पुरस्कार द्यायचे. दाखला न्यूयॉर्कच्या 'सिनेमा आय ऑनर्स' या माहितीपटांच्या पुरस्कारांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2007 ला ही कल्पना निघाली आणि मार्च 2008 मध्ये मॅनहॅटनमधल्या एका थिएटरात पहिला सोहळा झाला. ऑस्करमध्ये माहितीपटाला 1940 च्या दशकापासून पुरस्कार आहे, पण तो अख्ख्या फिल्मला. सिनेमा आयने संकलन, छायांकन, संगीत, ग्राफिक्स यांना वेगवेगळं मोजायला सुरुवात केली. पुढे टीव्हीसाठी केलेले माहितीपट आले, मालिका आल्या, सोहळा काही वर्षं क्वीन्समधल्या चलत्-चित्रांच्या संग्रहालयात भरला, त्याला जोडून आणखी कार्यक्रम होऊ लागले.

माझं मत: आपल्याकडे हे आत्ता करू नये. सोहळा म्हटला की दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग आमदार उशिरा येणार म्हणून निवेदकाची शेरोशायरी. फिल्मच्या वाट्याला दोन मिनिटांची क्लिप. बक्षीस कुणाला मिळालं ते दुसऱ्या दिवशी पेपरात सगळ्यांनी वाचलेलं असतं, फिल्म कुणीच बघितलेली नसते. तेवढ्या पैशात वर्षभराचे खेळ निघतात.

साउंडवाला_राजारामपुरी:
दादा, तुम्ही खुर्चीत बसून बोलताय, मी बूम (लांब दांडीचा माइक) धरून उभा असतो. एका गुऱ्हाळावर शूट होतं. चरकाचं इंजिन सगळ्यावर स्वार, त्यात चुलवाणात चिपाडं कोंबणाऱ्या गड्याचा खोकला. दिग्दर्शकाला हवा होता काहिलीचा, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईचा आवाज. रस तापताना नुसती खळखळ असते, मळी काढून झाली की फेस येतो तेव्हा आवाज बसतो, आणि पाक आटत आला की मोठे, जड बुडबुडे एकेक करून फुटायला लागतात. गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघतो, तो क्षण हुकला की संपलं, पुढच्या आधणापर्यंत थांबा. शेवटी मालकाला विनंती करून इंजिन बंद ठेवलं आणि तेवढ्या वेळात काम उरकलं. फिल्म दाखवल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "आवाज अगदी नैसर्गिक आलाय." नैसर्गिक म्हणे!

आमचं काम चांगलं झालं की ते दिसतच नाही. म्हणूनच असा पुरस्कार पाहिजे, जिथं परीक्षकाला 'आवाज' या रकान्यापुढे काहीतरी लिहावंच लागेल. गावात संकलन करणारी कितीतरी पोरं लग्नाचे व्हिडिओ कापून घर चालवतात आणि रात्री माहितीपटाला बसतात. त्यांचं नाव कुठं येतं? श्रेयनामावलीत. तेव्हा निम्मा हॉल चप्पल शोधत असतो.

उत्तरेश्वरपेठी:
तुमचं गुऱ्हाळ लई भारी, पण पुरस्कारांचं पीक आधीच काय कमी आलंय व्हय? इंटरनेटवर दर महिन्याला 'आंतरराष्ट्रीय' महोत्सव भरतात. फी भरायची, लिंक पाठवायची, चार दिवसांत मेल येतो: अभिनंदन, तुमची निवड झाली. ट्रॉफी पाहिजे तर पैसे वेगळे. पोस्टरवर निवड झाल्याची खूण म्हणून छापतात त्या पानांच्या जोड्या इतक्या चिकटवलेल्या असतात की फिल्मचं नाव शोधावं लागतं. आता त्यात आपली एक भर कशाला?

शाहूपुरीची_वाचक:
दोन गोष्टींची गल्लत होतेय. विकत मिळणारा पुरस्कार आणि कमावलेला पुरस्कार एका मापाने मोजू नका. 1954 मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच वर्षी कथापटाबरोबर माहितीपटालाही राष्ट्रपतींचं सुवर्णपदक होतं. म्हणजे देशाने माहितीपटाला पहिल्या दिवसापासून पंगतीत घेतलं होतं. नंतर तो पंगतीच्या टोकाला सरकला, ही गोष्ट वेगळी.

मला काळजी आहे ती निवड कोण करणार याची. मुंबईचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) 1990 पासून चालतो, माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठी आहे, तिथला जीवनगौरव पुरस्कार आपल्या व्ही. शांताराम यांच्या नावाने दिला जातो. पण 2004 च्या वेळी भारतीय फिल्मना सेन्सॉरचं प्रमाणपत्र सक्तीचं करायचं ठरलं. दिग्दर्शकांनी रान उठवलं, अट मागे घेतली गेली, आणि तरीही कित्येक फिल्म निवडीत गळल्या. तेव्हा त्याच दिवसांत त्याच शहरात 'विकल्प' नावाने वेगळा महोत्सव भरवला गेला. पुरस्कार देणारा कुणाचा मिंधा आहे, यावर सगळं ठरतं. सिनेमा आयमध्ये नामांकनं ठरवायला महोत्सवांसाठी फिल्म निवडणारी माणसं असतात, म्हणजे वर्षभर शेकडो फिल्म बघणारी. आपल्याकडे परीक्षक म्हणून कोण बसेल? मला तर नावंही दिसायला लागलीत, पण लिहीत नाही.

कळंबारोड:
नावं लिहू नका, राहू दे. पण हे गाव कॅमेऱ्याचं आहे हे विसरू नका. बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. प्रभात फिल्म कंपनी इथं जन्मली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभाय. पुरस्कार कोल्हापुरातनंच दिला पाहिजे, नाद करायचा नाय!

खरीकॉर्नरकर:
@कळंबारोड भावा, तो स्तंभ मी रोज बघतो, माझं नाव वाच. प्रभात 1929 ला इथं सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली. आपण 'आमची प्रभात' म्हणतो, चित्रं मात्र बहुतेक तिकडं घडली. अभिमानाच्या जोरावर कुणी थांबत नसतं.

@साउंडवाला तुमचा मुद्दा मला पटतो आणि तरी सोहळा नको वाटतो. कारण सोहळा वाढतो तो कसा, ते बघा. गट वाढतात, नामांकनं वाढतात, मग मोठ्या ओटीटी कंपन्या प्रचारावर पैसा ओततात. ज्याने स्वतःच्या पैशाने हार्ड डिस्क घेतली तो त्या गर्दीत कुठं दिसणार?

साउंडवाला_राजारामपुरी:
पुरस्काराने प्रेक्षक येत नाहीत हे कुणी सांगितलं? 2023 ला 'द एलिफंट व्हिस्परर्स'ला ऑस्कर मिळालं, आणि ज्यांना माहितीपट म्हणजे शाळेत दाखवतात तो कुटुंबनियोजनाचा रीळ वाटायचा, त्या माझ्या काकांनी मोबाइलवर तो शोधून बघितला. हत्तीचं पिल्लू किती गोड, असं घरभर सांगत फिरले. त्यांना माहितीपट बघितल्याचं कळलंसुद्धा नाही.

सुतारवाडा_सूनबाई:
तुम्ही सगळे बनवणाऱ्यांचं बोलताय. मी दुसऱ्या बाजूची. 2019 च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं. उतरल्यावर आम्ही चिखल काढत होतो, तेव्हा दोघं-तिघं कॅमेरा घेऊन आले. सासूबाईंनी भिजलेली लग्नाची पैठणी तारेवर टाकली होती, तिच्याशेजारी त्यांना उभं करून बोलतं केलं. त्या रडल्या. पोरं चांगली होती, पाणी भरायला मदत केली, नंबर घेऊन गेली. पुढं त्या फिल्मचं काय झालं, कुठं दाखवली, आम्हाला कुणीच कळवलं नाही. बक्षीस मिळालं असेल तर सासूबाईंना आनंदच होईल. पण आधी त्यांना स्वतःला बघायचंय.

शाहूपुरीची_वाचक:
ताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. सिनेमा आयची एक गोष्ट मला सगळ्यात आवडते ती हीच. त्या त्या वर्षीच्या माहितीपटांत दिसलेल्या आणि मनात राहिलेल्या माणसांची ते वेगळी यादी करतात. दिग्दर्शकाची नाही, पडद्यावरच्या माणसांची. कोल्हापुरात सोहळा झालाच तर पहिल्या रांगेत पाहुण्यांऐवजी ही माणसं बसवा.

उत्तरेश्वरपेठी:
आणि त्यांनाही शाल-श्रीफळ देऊन फोटो काढा, म्हणजे झालं! त्या आजींना स्टेजवर नेऊन निवेदक विचारणार, "पुरात कसं वाटलं?" नको बाबा.

सुतारवाडा_सूनबाई:
@उत्तरेश्वरपेठी शाल देऊ नका हे तुम्ही ठरवणारे कोण? सासूबाईंना शाल लई आवडेल. तेवढं मी त्यांच्या वतीनं सांगते.

खरीकॉर्नरकर:
हे मान्य. मग माझी अट बदलून मांडतो. ज्या फिल्मला नामांकन, ती आधी पूर्ण लांबीची दाखवायची, आणि जिथं शूट झाली त्या गल्लीत, त्या गावात एक खेळ झाल्याशिवाय ती पुरस्काराला पात्रच नाही. गुऱ्हाळाची फिल्म गुऱ्हाळावर, पुराची सुतारवाड्यात. क्लिप अजिबात नाही. आवाज, संकलन, छायांकन यांना वेगळे पुरस्कार, आणि ते कशासाठी दिले हे परीक्षकाने दोन वाक्यांत स्टेजवर सांगायचं. इतकं जमत असेल तर मी विरोध करणार नाही. जमणार नाही असंच मला वाटतं.

साउंडवाला_राजारामपुरी:
गल्लीत दाखवायला स्पीकर माझे. भाडं नको. पण प्रवेश फी ठेवायची की नाही ते आधी सांगा. मी म्हणतो, ठेवू नका.

उत्तरेश्वरपेठी:
फी नको, मग हॉल, प्रोजेक्टर, परीक्षकांचा चहा कुठनं आणणार? प्रायोजक आला की साखर कारखान्याचा फ्लेक्स स्टेजच्या मधोमध. आणि गुऱ्हाळाच्या फिल्मला पहिला नंबर देऊन दाखवा मग!

साउंडवाला_राजारामपुरी:
फ्लेक्स दाराबाहेर लावू दे की. परीक्षकांच्या खोलीत तेवढं कुणाला सोडायचं नाही. रविवारी त्या पोरांची बैठक आहे, या तुम्ही, भांडू समोरासमोर.