एकाच टीव्ही युनिटमध्ये अॅम्प, टर्नटेबल, स्पीकर सगळं बसवायचंय, सुताराला काय सांगू?

गौरी_डोंबिवली

नमस्कार मंडळी, थोडं घाईचं आहे म्हणून विचारतेय. बाबांच्या सव्वाशेक एलपी रेकॉर्ड आमच्याकडे आल्यात, भीमसेन, कुमार, वसंतराव, माणिकबाई, बहुतेक सगळ्या एचएमव्हीच्या. त्यासाठी सेकंडहँड टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेयर) घेतला, अॅम्प (अॅम्प्लिफायर) आणि सीडी प्लेयर आधीपासून होतेच, स्पीकर बुकशेल्फ टाइप आहेत, मागे गोल भोक असलेले. नवीन फ्लॅटचा हॉल १० बाय १६ आहे, सुतार परवा माप घ्यायला येतोय. त्याच्या ड्रॉइंगमध्ये मधोमध टीव्ही, खाली काचेच्या शटरचा बंद खण, त्यात अॅम्प आणि अॅम्पच्या डोक्यावर सीडी प्लेयर, बाजूच्या फळीवर टर्नटेबल आणि त्याच फळीवर दोन्ही टोकांना स्पीकर. दिसायला छान दिसतंय.

पण सध्या एका जुन्या टेबलावर साधारण तसंच रचून ठेवलंय (टर्नटेबल तर थेट अॅम्पवरच) आणि त्रास होतोय. रेकॉर्ड लावली की मागे सतत घूंऽऽ येतं, आणि आवाज एका मर्यादेच्या वर नेला की एकदम मोठ्ठा हूऽऽ सुरू होतो, तंबोरा वगैरे काही ऐकूच येत नाही. शिवाय अॅम्प तासाभरात एवढा तापतो की वर हात ठेववत नाही. युनिट झाल्यावर हे बंद होईल का, की ड्रॉइंगच बदलायला सांगू? घरात दोन वर्षांचा मुलगा आहे, तो सगळ्याला लोंबकळतो, हेही लक्षात घ्या.

खर्जातला_सा

गौरीताई, ड्रॉइंग बदला, अजून वेळ आहे ते बरं झालं. युनिट झाल्यावर हे बंद होणार नाही, उलट वाढेल.

तुम्हाला दोन वेगळे आवाज येतायत असं वाटतंय आणि दोघांची कारणंही वेगळी. मोठा हूऽऽ म्हणजे फीडबॅक. सुईचं कामच थरथर पकडायचं, ती थरथर रेकॉर्डच्या खोबणीतली आहे की खालच्या फळीतली हे तिला कळत नाही, त्यामुळे स्पीकर वाजला की फळी हलते, फळी हलली की सुई हलते, ते अॅम्पमधून मोठं होऊन परत स्पीकरमध्ये जातं, आणि हे चक्र फिरत राहतं. म्हणून स्पीकर आणि टर्नटेबल एका फळीवर कधीच नाही, एका युनिटवरसुद्धा नको. खाली रबर, स्पंज काय वाट्टेल ते घाला, थोडा फरक पडेल पण मूळ दुखणं जात नाही.

बारीक घूं बहुतेक अॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरमुळे. साध्या एमएम कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला छोटा भाग, थरथरीची वीज करतो; एमएम हा त्याचा नेहमीचा प्रकार) येणारा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्टच्या आसपास असतो, सीडी प्लेयर साधारण २ व्होल्ट देतो, म्हणजे कितीचा फरक बघा. तो एवढासा सिग्नल फोनो स्टेज (रेकॉर्डचा सिग्नल वाढवणारा भाग) शंभरेक पट करतो, आणि कार्ट्रिजमध्ये तारेची गुंडाळी असल्यामुळे शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची ५० हर्ट्झची घूं पण तीच पकडते आणि ती तर शंभरपटीहूनही जास्त मोठी होते. चांगली गोष्ट ही की अंतर वाढवलं की ही बाधा भराभर कमी होते, दुप्पट अंतर केलं तर अर्धीच नाही तर त्याहून कितीतरी कमी.

सुतार यायच्या आधी एवढं करून बघा. टर्नटेबल फिरवू नका, मोटर बंदच ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा आणि व्हॉल्यूम अगदी सावकाश वाढवा, हात नॉबवरच ठेवा. हूऽऽ सुरू झाला की लगेच कमी करा, तो फीडबॅक. मग व्हॉल्यूम पूर्ण खाली करून सुई उचला, आर्म (सुईचा दांडा) अधांतरी ठेवून परत थोडा वाढवा. तरी घूं आहे? मग ती विजेची. आता आर्म हाताने धरून हळूच आत-बाहेर न्या, घूं कमी-जास्त झाली तर ट्रान्सफॉर्मरच. काहीच फरक नाही पडला तर टर्नटेबलमधून निघणारी बारीक अर्थची वायर अॅम्पमागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला घट्ट आहे का बघा (काही मॉडेलना ती वायर वेगळी नसते).

अण्णा_सातारा

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी आयुष्यभर रिपेरिंग केलं, त्यामुळे उष्णतेवर बोलतो, कारण लोक घूंमुळे घाबरतात पण अॅम्प मरतो तो उष्णतेने.

ताई, तुमचा अॅम्प क्लास एबी (घरगुती अॅम्पचा नेहमीचा प्रकार) असणार, असे अॅम्प गाणं चालू नसतानाही नुसते ऑन असले तरी उष्णता सोडत राहतात. वरच्या पत्र्याला ज्या चिरा असतात त्या गरम हवा वर जायला असतात, खालून गार हवा आत येते. वर सीडी प्लेयर किंवा टर्नटेबल ठेवला की ती वाट बंद. प्लेयरच्या पायांमुळे अर्धा-पाऊण इंच फट राहते, लोकांना वाटतं पुरते, पण नाही पुरत. आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांच्याबाबत सगळे मेकॅनिक एक ठोकताळा मानतात की तापमान दहा डिग्री वाढलं की आयुष्य निम्मं. माझ्याकडे यायचे त्यातले कितीतरी अॅम्प असे बंद शोकेसमध्ये ठेवलेले, वर क्रोशाचा रुमाल घातलेला, आतले कपॅसिटर फुगलेले. आणि ती गरम हवा वर सीडी प्लेयरच्या लेन्सला आणि मोटरला लागते ते वेगळंच.

म्हणून सुताराला सांगा, अॅम्पचा खण उघडा हवा, शटर नको. मागची प्लाय पण नको, नाहीतर मोठं चौकोनी भोक तरी हवंच. अॅम्पच्या वर किमान चार-पाच इंच मोकळी जागा, जास्त मिळाली तर उत्तम, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच. मुलासाठी शटर पाहिजेच असेल तर काचेऐवजी मोठ्या छिद्रांची जाळी लावा, आणि अॅम्प चालू असताना तेही उघडं ठेवा. अॅम्प जड असतो म्हणून तळाला ठेवायची पद्धत आहे, ती ठीकच आहे, फक्त त्याच्या डोक्यावर थेट काही नको, मध्ये फळी आणि हवा पाहिजे. सीडी प्लेयर, सेटटॉप बॉक्स हे वेगळ्या खणात एकावर एक चालतील, ते फार तापत नाहीत, जो कमी तापतो तो खाली.

अजून एक, हे फार कळकळीने सांगतो. घूं घालवायला काही लोक प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकायला सांगतात. घूं जाते, खरं आहे. पण आत कधी वायर सुटून बॉडीला लागली तर तो पत्रा २३० व्होल्टवर येतो आणि तुमचं पोरगं त्याला लोंबकळणार. कोणी कितीही सांगितलं तरी पिन काढायची नाही. घूं फक्त सेटटॉप बॉक्स जोडल्यावर येत असेल तर आधी केबलची किंवा डिशची वायर काढून बघा, बरेचदा अर्थचा घोळ तिथून येतो.

गौरी_डोंबिवली

खर्जातला_सा, अण्णा, दोघांचे खूप आभार! आत्ताच करून बघितलं. सुई टेकवून व्हॉल्यूम वाढवला तर अगदी तोच हूऽऽ, उचलल्यावर तो गेला पण घूं राहिली, आणि आर्म आत नेला की वाढते, बाहेर आणला की कमी. मग टर्नटेबल उचलून शेजारच्या स्टुलावर ठेवला, वायर पुरली तेवढा लांब, घूं जवळजवळ गेलीच. म्हणजे दोन्ही आहे. सीडी प्लेयर पण अॅम्पवरून काढला.

आता प्रश्न असा की स्पीकर स्टँडवर ठेवले तर मुलगा पाडेल, आणि टर्नटेबल मग नेमका कुठे ठेवू? हॉलमध्ये दुसरी जागाच नाहीये.

मृदुला_रत्नागिरी

टर्नटेबल भिंतीवर घ्या. त्याची स्वतंत्र फळी, युनिटला कुठेही न टेकणारी, साडेतीन-चार फुटांवर. मुलाचा हात सहज पोचत नाही आणि जमिनीवरून कोणी धावलं तरी सुई उडत नाही, आमच्या जुन्या घरात लाकडी मजला आहे, तिथे तर याशिवाय पर्यायच नाही. अॅम्पच्या थेट वर नको, बाजूला दोन फूट तरी सरकवा, पण टर्नटेबलची वायर पुरेल एवढंच, कारण ती उगाच लांबवली तर आवाज बिघडू शकतो. आणि बसवल्यावर पाणसळ लावून लेव्हल बघा, आधी फळीवर आणि मग प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी), दोन्ही दिशांनी.

स्पीकरना पण भिंतीवरचे ब्रॅकेट मिळतात, पण मागे भोक आहे म्हणताय म्हणजे भिंतीला चिकटवले तर खर्ज फुगतो, तबल्याचा बायाँ नुसता घुमत राहतो. सहा-आठ इंच तरी पुढे येतील असे ब्रॅकेट बघा. नाहीतर वजनदार स्टँड, पायाच्या नळीत कोरडी वाळू भरलेले, आणि स्पीकर वर चिकटपट्टीने किंवा पट्ट्याने बांधलेला, शिवाय स्टँडला मागून नायलॉनची दोरी भिंतीतल्या हुकाला. लहान मूल असेपर्यंत ते करावंच. बसल्यावर तुमचा कान जिथे येतो साधारण त्या उंचीला वरचा छोटा भोंगा यायला हवा, आणि दोन स्पीकरमधलं अंतर जेवढं तेवढंच तुमच्यापासून प्रत्येकाचं, इथून सुरुवात करा, मग कानाने ठरवा.

पावसाळ्याचं कोणी बोललं नाही अजून. युनिट बाहेरच्या भिंतीला असेल तर मागे तीन-चार इंच सोडायलाच सांगा, ओल आली की मागचे पिन हिरवे पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये गाणी ऐका न ऐका, आठवड्यातून एकदोनदा अॅम्प तासभर चालू ठेवावा. आणि एलपी अॅम्पच्या वरच्या खणात नकोत, वाकतात. उभ्याच ठेवायच्या, आडव्या रचायच्या नाहीत. एक एलपी कव्हरसकट पाव किलोच्या आसपास धरा, म्हणजे तुमच्या तीस किलोच्या वर गेल्या, १८ एमएमची लांब फळी मधोमध झोल खाते, दर दीड फुटाला उभी पार्टिशन घालून घ्या.

गौरी_डोंबिवली

मृदुला, हे फारच कामाचं. शेवटचा प्रश्न, आमच्या आतल्या भिंती विटांच्या नाहीत, त्या पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या आहेत. त्यात फळी टिकेल का? टर्नटेबल सहा किलोचा आहे.

खर्जातला_सा

टिकेल, पण साधा रावळ प्लग (भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) आणि दोन इंची स्क्रू नको, त्या ब्लॉकमध्ये तो भुसभुशीत होऊन बाहेर येतो, आज नाही आला तर सहा महिन्यांनी. जवळ आरसीसीचा कॉलम असेल तर फळी तिथेच घ्या, अँकर फास्टनर मारला की विषयच संपला. कॉलम नसेल तर त्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉनचे प्लग हार्डवेअरवाल्याकडे मिळतात, चार इंची आणि वरचे, किंवा केमिकल अँकर (भोकात चिकटद्रव्य भरून बसवायचा बोल्ट). ब्लॉकमध्ये ड्रिल हॅमर मोडवर (ठोकत भोक पाडणाऱ्या) ठेवायचं नाही, नाहीतर भोक मोठं होतं, हे सुताराला आधीच सांगा, सवयीने हॅमरवरच मारतात. ब्रॅकेट दोन नाही तीन घ्या. लावल्यावर टर्नटेबल ठेवायच्या आधी दोनतीन दिवस फळीवर पंधरा-वीस किलो वजन ठेवून द्या, तांदळाची गोणी चालेल, आणि मुलाला तोवर त्या भिंतीपासून लांब ठेवा. मग परत पाणसळ लावा, फळी पुढे झुकली असेल तर तेव्हाच कळेल.