प्रतिसाद: दोह्यात आठ तास
दोह्यात (कतारच्या राजधानीत) फ्लाइट बदलताना मधे आठ तास मिळतात, तेवढ्यात विमानतळाबाहेर पडून शहर बघणं जमेल का विचारलंय, तर व्हिसाचं आधी बघून घ्या आणि बिनधास्त पडा. टॅक्सीच्या नादी लागू नका, विमानतळातूनच मेट्रो मिळते, तिकीट २ रियाल, रेड लाइनने मशेरेब स्टेशन आणि तिथून गोल्ड लाइनने पुढचंच स्टेशन सूक वाकिफ, म्हणजे तिथला जुना बाजार. तिथला ससाण्यांचा बाजार अज्जिबात चुकवू नका, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घातलेले ससाणे ओळीने बसलेले असतात, लहान मुलं बरोबर असतील तर तिथून हलणारच नाहीत. मग करक चहा (तिथला कडक दुधाचा चहा) घेऊन कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर चालत जा, समोर लाकडी होड्या दिसतात. शुक्रवारी मेट्रो उशिरा सुरू होते तेवढं बघा, आणि फ्लाइटच्या तीन तास आधी परत फिरा.