मालवणातील बाईंचा नृत्यवर्ग पुढे कसा चालवावा?

चिवला यांचा प्रश्न:

नमस्कार. आमच्या बाईंनी मालवणात आपल्या घराच्या पडवीत एकतीस वर्षे लहान मुलांना भरतनाट्यम शिकवले. गेल्या आषाढात त्यांचे निधन झाले. लग्नापूर्वी त्या मुंबईत भरतनाट्यमचे गुरू आचार्य पार्वतीकुमार यांच्या एका शिष्येकडे शिकल्या होत्या, आणि आचार्यांचा जन्म १९२१ साली मालवणातच झाला ही गोष्ट त्या प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगत असत.

आता आम्हा जुन्या विद्यार्थिनींमध्ये दोन मते आहेत. काहींना मामा वरेरकर नाट्यगृहात मोठा कार्यक्रम करून स्मरणिका काढावी असे वाटते. मला मात्र वर्ग बंद पडू नये, एवढीच तळमळ आहे. बाईंच्या पाच वह्या त्यांच्या मुलाने माझ्याकडे दिल्या आहेत. त्यांत अडवूंचे, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासांचे, बोल, हातापायांच्या काड्यांची चित्रे आणि समासात मुलांविषयीच्या नोंदी आहेत. ‘ही डावखुरी आहे, हिला उजव्या टोकाला उभी करावी.’ ‘पाऊल टाकताना हा तोंड वाकडे करतो; टाच दुखते का, आईला विचारणे.’ या नोंदी वाचताना माझ्या लक्षात आले की बाई नृत्य शिकवत होत्या त्याहून अधिक एकेका मुलाला शिकवत होत्या. हे कसे जपावे? वर्ग मी स्वतः घ्यावा का? मी विशारद पूर्ण केले आहे, परंतु लहान मुलांना कधीच शिकवलेले नाही.

रापणकार यांचे उत्तर:

ताई, आपल्या बाईंना मी ओळखत नव्हतो, परंतु त्यांच्या परंपरेविषयी थोडे लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच दिसते. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील, म्हणजे १७९८ ते १८३२ या कारकिर्दीतील, मराठी नृत्यरचना हस्तलिखितांत पडून होत्या. आचार्य पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास करून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या आणि सुचेता भिडे-चापेकरांसारख्या शिष्यांनी त्या नाचून दाखवल्या. शब्द कागदावर उरले होते म्हणून हे शक्य झाले. मात्र कागदावरच्या शब्दाला पाऊल आणि मुद्रा देणारा जाणता माणूस तेव्हा नसता, तर ते शब्द आजही बासनातच राहिले असते. म्हणून वही आणि वर्ग यांतील एकच निवडू नये. वह्यांची पाने आधी छायाचित्रे काढून सुरक्षित करावीत, कारण आपल्याकडच्या दमट हवेत निळी शाई फार काळ टिकत नाही. त्यानंतर प्रत्येक अडवू बाईंच्या तीन-चार विद्यार्थिनींनी तिन्ही लयींत करून त्याचे चित्रीकरण करावे. दोघींच्या पद्धतीत फरक निघाला, तर तोही नोंदवून ठेवावा, कारण बाईंनी वीस वर्षांपूर्वी एक शिकवले असेल आणि नंतर त्यात बदल केला असेल.

स्मरणिकेला माझा विरोध नाही, परंतु जाहिराती गोळा करण्यातच सहा महिने निघून जातात असा माझा अनुभव आहे.

जांभा यांचे उत्तर:

माझी दोन्ही मुले बाईंकडे शिकली, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या पडवीतील जमिनीविषयी कोणीच बोलत नाही. शहाबादी फरशीवर तट्टडवू, म्हणजे पाय आपटण्याचा पहिला अडवू, घोटला की मुलांच्या पोटऱ्या भरून येतात, म्हणून बाईंनी होड्या बांधणाऱ्या सुताराकडून खाली पट्ट्या मारून वर फळ्या बसवून घेतल्या होत्या. फळ्यांखाली हवा खेळत असल्यामुळे पाऊल पडले की जमीन किंचित दबायची आणि ‘तै या तै’चा नाद अंगणापर्यंत ऐकू यायचा. पावसाळ्यात फळ्या फुगत, त्यामुळे दसऱ्याआधी दरवर्षी त्यांवर रंधा फिरवला जाई. सात वर्षांखालच्या मुलाला त्या पूर्ण बैठकीत बसू देत नसत. अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवलेल्या अर्ध्या बैठकीतही, मोजक्या आवर्तनांनंतर उठवून अंगणात पळायला पाठवत. एका मोठ्या शाळेने वार्षिक संमेलनासाठी पंधरा दिवसांत नाच बसवून मागितला होता, तेव्हा बाईंनी नम्रपणे नकार दिला आणि त्यापायी बरीच मुले गमावली. तो नकारही त्यांच्या शिकवण्याचाच भाग होता.

वर्ग दुसरीकडे हलवणार असाल, तर आधी जमिनीचा विचार करा, एवढीच विनंती.

कणकवलीकर यांचे उत्तर:

मी कथक शिकवते, म्हणून थोडे वेगळे मत मांडते. शिक्षिकेनंतर वर्ग चालू राहायचा असेल, तर तो एका व्यक्तीच्या घरातून आणि स्वभावातून बाहेर यावा लागतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली चेन्नईतील अड्यारला सुरू केलेली कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था १९८६ मध्ये त्या गेल्यावरही चालू राहिली, आणि पुढे तिच्यासाठी १९९३चा स्वतंत्र केंद्रीय अधिनियम झाला. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या नृत्यभारती या कथक संस्थेचे काम त्यांच्या शिष्या पुढे नेत आहेत. आपला वर्ग लहान आहे, तरीही किमान सात जणींनी एकत्र येऊन संस्था नोंदवावी. त्यासाठी धर्मादाय कार्यालयात अर्ज करावा लागतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुले बसत असतील, तर त्यांची वर्षे वाया जाऊ नयेत म्हणून ते काम आधी तुमच्यापैकी कोणा एकीने अंगावर घ्यावे.

एक मात्र मनापासून सांगते. बाई जसे शिकवत होत्या तंतोतंत तसेच शिकवण्याचा हट्ट धरू नका. समासातील नोंदी त्या त्या मुलाच्या आहेत. तुमच्यासमोरचे मूल वेगळे असेल आणि त्याची नोंद तुम्हालाच लिहावी लागेल.

चिवला यांचे प्रत्युत्तर:

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. काल आम्ही पाच जणी बाईंच्या पडवीत जमलो होतो. त्यांच्या मुलाने तूर्त तीच जागा वापरण्यास आनंदाने संमती दिली आहे. दोन फळ्या वाळवीने खाल्ल्या आहेत. त्या बदलण्यासाठी सुताराला निरोप धाडला आहे. कार्यक्रम पुढच्या वर्षी करावा असे ठरले, आणि त्यात मोठ्या विद्यार्थिनींआधी लहान मुलांनी नाचावे, यावर सर्वांचे एकमत झाले. येत्या रविवारपासून नऊ मुले येणार आहेत. ताल देण्याची बाईंची काठी मी हातात घेऊन पाहिली. धरण्याच्या जागी ती अंगठ्याएवढी झिजली आहे. सहावी वही मी आजच विकत आणली.