'जनुक-अभिव्यक्ती' आणि 'प्रॉग्नॉस्टिक मार्कर'

प्रश्न: क्रॉनिक लिम्फोसिटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरच्या भाषांतरित मजकुरात 'झॅप-७० जनुकाची अभिव्यक्ती हा रोगनिदानाचा मार्कर आहे' असं वाक्य आलंय. मूळ इंग्रजी शब्द 'प्रॉग्नॉस्टिक' आहे. 'रोगनिदान' चालेल का? आणि 'क्रॉनिक'ला 'जुनाट' म्हणावं का?

उत्तर: 'रोगनिदान' नको, त्यानं अर्थच फिरतो. रोग कोणता हे ठरवणं म्हणजे निदान, आणि इथे ते सीडी५, सीडी१९, सीडी२३ ही प्रथिनं पृष्ठभागावर असलेल्या बी-पेशींवरून (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) आधीच झालेलं असतं. झॅप-७० हे पेशीतलं प्रथिन सांगतं ते आजाराची पुढची चाल कशी राहील, उपचार लवकर लागतील की उशिरा. त्यासाठी 'पूर्वानुमानदर्शक' म्हणावं. अमुक औषध लागू पडेल का हे सांगणारा दर्शक आणखी वेगळा. त्याला 'प्रतिसाददर्शक' म्हणता येईल.

'जुनाट' खोकल्याला ठीक आहे. कालच सापडलेल्या ल्युकेमियाला जुनाट म्हटलं तर रुग्ण गोंधळतो. 'क्रॉनिक'च ठेवा, फार तर 'संथ वाढणारा' अशी फोड द्या.

दुसरं उत्तर: 'अभिव्यक्ती' (जनुकावरून आरएनए आणि प्रथिन किती बनतं ते) शब्द चांगला आहे, पण आरएनए मोजला की प्रथिन, हे सोबत लिहायलाच हवं. झॅप-७० बहुधा फ्लो सायटोमेट्रीनं (पेशी एकेक करून लेसरसमोरून नेत तपासण्याची पद्धत) प्रथिन म्हणून मोजतात. ते पेशीच्या आत असल्यानं आधी पेशी स्थिर करून पटल सच्छिद्र करावं लागतं. २० टक्के किंवा अधिक बी-पेशींत दिसलं तर सहसा 'पॉझिटिव्ह' धरतात. टी आणि एनके या दुसऱ्या पांढऱ्या रक्तपेशींत ते मुळातच असतं, त्यामुळे बी-पेशी नीट वेगळ्या मोजल्या नाहीत तर आकडा फुगतो. प्रयोगशाळा बदलली की निकाल बदलतो, ही या चाचणीची खरी दुखरी बाजू.

एलपीएल या दुसऱ्या पूर्वानुमानदर्शक जनुकाचा आरएनए मात्र पीसीआरनं मोजतात. तिथे सीटीचा आकडा (संकेत दिसेपर्यंत लागलेली पीसीआरची चक्रं, दर चक्रात दुप्पट) उलटा वाचायचा असतो: सीटी कमी म्हणजे अभिव्यक्ती जास्त. ३ चक्रांचा फरक म्हणजे साधारण ८ पट. भाषांतरात 'सीटी जास्त, म्हणून अभिव्यक्ती जास्त' असं हमखास होतं. रक्ताचा नमुना ईडीटीएच्या नळीत घ्यावा; रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन, हेपरिन, पीसीआर अडवतं.

पुरवणी: आयजीएचव्हीची (बी-पेशींतलं प्रतिपिंड बनवणारं जनुक) गल्लत इथे करू नका. तिथे अभिव्यक्ती नव्हे, उत्परिवर्तन बघतात. जनुकाच्या जन्मजात मूळ क्रमाशी साम्य ९८ टक्के किंवा अधिक असेल तर 'अनुत्परिवर्तित', आणि वाईट पूर्वानुमान याच गटाचं. 'उत्परिवर्तित' ऐकून वाचक घाबरतो, म्हणून एक वाक्य खुलाशाचं हवंच. झॅप-७० याच अनुत्परिवर्तित गटात बहुधा वाढलेलं सापडतं, पण दोन्ही निकाल नेहमीच जुळतात असं नाही.

प्रश्नकर्ता: मग वाक्य असं करतो: 'बी-पेशींतील झॅप-७० प्रथिनाची वाढलेली अभिव्यक्ती प्रतिकूल पूर्वानुमान दर्शवते.'

उत्तर: बरोबर. फक्त पुढे चाचणीची पद्धत आणि २० टक्क्यांची मर्यादा जोडा.