मदत हवी आहे : चार मिनार आणि एक पुसलेला शब्द

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयात अल्पसंख्याकांच्या धर्मस्वातंत्र्यावर अर्धा तास बोलायचंय, आणि एका जागी गाडी अडली आहे.

पाकिस्तानात १९७४च्या घटनादुरुस्तीने अहमदियांना, म्हणजे स्वतःला मुस्लिमच मानणाऱ्या एका पंथाच्या लोकांना, बिगरमुस्लिम ठरवलं. १९८४च्या अध्यादेशानंतर तर त्यांनी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हटलं तरी तीन वर्षांपर्यंत कैद. पाकिस्तानातल्या रबवा गावात अब्दुस सलाम या अहमदिया भौतिकशास्त्रज्ञाच्या थडग्यावर 'पहिले मुस्लिम नोबेलविजेते' असं कोरलेलं होतं. त्यातला 'मुस्लिम' तेवढा पुसून टाकला.

दुसरीकडे स्वित्झर्लंड. २००९च्या सार्वमतात ५७.५ टक्के लोकांनी नव्या मिनारांवर बंदी आणली. अख्ख्या देशात तेव्हा मिनार होते चार! पण मशिदी चालू आहेत, नमाज पढला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही.

दोन्ही एकाच तराजूत घालणं मला पटत नाही. पण स्विस बंदीला 'किरकोळ' म्हणायलाही जीभ रेटत नाही. कायद्याचे जाणकार हा फरक नेमका कसा मांडतात? शिवाय उस्मानी तुर्की साम्राज्यातल्या मिल्लत पद्धतीवर (प्रत्येक धर्मसमाजाने आपले धार्मिक आणि कौटुंबिक व्यवहार आपणच पाहायचे, अशी व्यवस्था) मराठीत वाचण्यासारखं काही आहे का? इंग्रजी मला चालेल, पण श्रोते सत्तरीपुढचे. एक इंग्रजी शब्द आला की पहिल्या रांगेतून 'मराठीत सांगा' येतंच.