ऐकू आले नाही, तर ‘सॉरी’ कशासाठी?

मूळ प्रस्ताव :
इंग्रजी संभाषणाच्या वर्गांत ‘आय ॲम सो सॉरी, कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ हे वाक्य सुरुवातीलाच घोटून घेतले जाते. पुण्या-नाशिकच्या कार्यालयांतून परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणारी आपली मुले मग लाइन खराब असली तरी सॉरी म्हणतात, ग्राहक भरभर बोलला तरी सॉरी म्हणतात आणि तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली की संकोचाने ‘येस, येस’ म्हणून मोकळी होतात. खुलासा मागणे हा अपराध नाही. माफी स्वतःच्या चुकीसाठी राखून ठेवावी आणि इथे ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ एवढेच शिकवावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ :
मी असहमत आहे. ब्रिटनमध्ये चढत्या सुरात ‘सॉरी?’ म्हटले की त्याचा अर्थ ‘काय म्हणालात?’ एवढाच होतो. त्यात कोणी अपराध शोधत नाही. ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञांनी १९५४ साली उच्चवर्गीय इंग्रजीवर लिहिलेल्या लेखात नोंदवले होते की, ऐकू आले नाही तर त्या वर्गातील लोक सरळ ‘व्हॉट?’ विचारतात आणि ‘पार्डन?’ हे इतरांचे बोलणे ठरते. मात्र आपल्या मुलांनी ग्राहकाला ‘व्हॉट?’ म्हटले, तर तो उद्धटपणाच समजला जाईल. खऱ्या माफीचेही तिथे इतके भय नाही : इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या २००६ च्या नुकसानभरपाई कायद्यानुसार, केवळ माफी मागितली म्हणून निष्काळजीपणाची कबुली दिली असे होत नाही.

प्रतिसाद २ :
कायद्याचा मुद्दा मान्य आहे, पण मूळ प्रश्न समजुतीचा आहे. विमानाच्या रेडिओ संभाषणात ऐकू आले नाही तर म्हणायचे शब्द ठरलेले आहेत, ‘से अगेन’. त्यात सॉरीही नाही आणि प्लीजही नाही. शिवाय धावपट्टीवर उतरण्याची परवानगी मिळाली की वैमानिकाला ती धावपट्टीच्या क्रमांकासह परत म्हणून दाखवावी लागते.

प्रतिसाद १ (पुन्हा) :
वैमानिक आणि नियंत्रक दोघेही एकाच नियमाने बांधलेले असतात. ग्राहकावर असे कोणतेही बंधन नसते, आणि त्याचा पारा चढलेला असताना कोरडे ‘से अगेन’ ऐकवणाऱ्या मुलाची बाजू मांडायला तिथे कोणी नसेल.

मूळ प्रस्तावक :
सुराचा मुद्दा मला पटतो. एकदा सॉरी म्हणण्यास हरकत नाही. माझा आग्रह पुढच्या वाक्याचा आहे. ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ हे फोनवर कळत नसेल, तर तिसऱ्यांदा माफी मागण्याऐवजी ‘इज दॅट वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?’ असे नेमके विचारायला शिकवावे. वर्गात याचा सराव घ्यायचा, तर शिक्षकाने आकडे मुद्दाम पुटपुटावेत आणि मुलाने नेमका आकडा वदवून घेईपर्यंत पुढे जाऊ नये.